डॉलर नव्वदीपार गेला, मग आपल्या कापसाचे अडीचशे रुपये कुठं गेले?

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात डॉलरनं नव्वदी ओलांडली आणि गावाच्या ग्रुपवर तोच जुना मेसेज पुन्हा फिरायला लागला. "१५ ऑगस्ट १९४७ ला एक रुपया म्हणजे एक डॉलर होता, आज बघा काय अवस्था केली!" मग नेहमीचे दोन गट पडले. एक म्हणे साठ-सत्तर वर्षांत त्यांनी वाटोळं केलं, दुसरा म्हणे अकरा वर्षांत यांनी केलं. रात्री अकरापर्यंत भांडण. दोन जण ग्रुप सोडून गेले, सकाळी ॲडमिननं पुन्हा जोडले.

मी काही लिहिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी टपरीवर आमच्या शेजारच्या शेतातल्या भाऊनं एक प्रश्न विचारला, तो डोक्यातून जात नाही. "दादा, डॉलर वाढला म्हणतेत, अन् कापूस तं डॉलरमंदीच इकल्या जाते म्हणतेत. मंग आपल्या कापसाले भाव काऊन नाही?"

दोन दिवसांच्या भांडणात एवढा नेमका प्रश्न कोणीच विचारला नव्हता. म्हणून ही लांबलचक पोस्ट. मी अर्थतज्ज्ञ नाही. सहा एकर कोरडवाहू आहे, आणि त्याआधी पंधरा वर्षं एका जिनिंगमध्ये हिशेब लिहिलाय. रुई, सरकी, उतारा, खंडी एवढं कळतं. तेवढ्यावरच बोलतो.

आधी तो मेसेज निकालात काढू. १९४७ मध्ये रुपयाचा डॉलरशी थेट संबंधच नव्हता, रुपया बांधलेला होता पौंडाशी. एक पौंड म्हणजे १३ रुपये ५ आणे ४ पै. आणि एक पौंड म्हणजे ४.०३ डॉलर. भागाकार करा, एका डॉलरला साधारण ३ रुपये ३० पैसे येतात. एक रुपया कधीच नव्हता. ज्यांना शंका असेल त्यांनी कॅल्क्युलेटर काढावा, ग्रुप सोडू नये.

आता ते "१३ रुपये ५ आणे ४ पै" हे विचित्र आकडे आले कुठून? इथंच आपला वर्धा जिल्हा या गोष्टीत येतो.

हिंगणघाटचा कापूस एकेकाळी लिव्हरपूलच्या बाजारात गावाच्या नावानं ओळखला जायचा. अमेरिकेत १८६१ ते ६५ यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस बंद पडला, आणि इंग्रजांची नजर आपल्या खोऱ्यावर पडली. वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा केला तोही त्याच काळात, १८६२ साली. रेल्वे आली, प्रेस आले, गाठी मुंबईला आणि तिथून विलायतेला जायला लागल्या. म्हणजे तेव्हापासूनच आपल्या कापसाचा भाव पौंडात ठरायला लागला आणि हातात रुपया पडायला लागला. मधे एक पूल आहे, त्याचं नाव विनिमय दर. तो पूल कुठं बांधायचा हे आपल्याला कधी कोणी विचारलं नाही.

तेव्हा रुपया चांदीचा होता. १८७० च्या सुमारास एका रुपयाला जवळजवळ दोन शिलिंग मिळायचे. पुढं जगात चांदी स्वस्त झाली आणि रुपया घसरत घसरत १८९२ च्या आसपास सव्वा शिलिंगावर आला. कापूस विकणाऱ्याला त्यात तोटा नव्हता, पौंडात भाव पडला तरी रुपयात तो सावरला जायचा. तोटा होता सरकारला. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पेन्शनी, कर्जाचं व्याज, रेल्वे कंपन्यांचं व्याज, सगळं लंडनला पौंडात भरावं लागायचं. वसुली मात्र रुपयात. म्हणून २६ जून १८९३ ला सरकारनं टांकसाळी बंद केल्या. लोकांनी चांदी आणून रुपये पाडून घ्यायचे नाहीत. रुपये कमी पडले की किंमत वाढेल, हा हिशेब. काही वर्षांत रुपया १ शिलिंग ४ पेन्सवर नेऊन बसवला. त्याच १८९३ साली गोऱ्या साहेबांना रुपया घसरल्याची भरपाई म्हणून पगारावर खास भत्ता सुरू झाला. शेतकऱ्याला असा भत्ता आजवर मिळाला नाही.

पहिल्या महायुद्धानंतर तर कमालच झाली. १९२० मध्ये सरकारनं रुपया एकदम दोन शिलिंगावर बांधला. तो वर्षभरही टिकला नाही, पण टिकवण्याच्या नादात लंडनमधली आपली शिल्लक उधळली गेली.

मग १९२६ चं हिल्टन यंग कमिशन. त्यानं सांगितलं, रुपया १ शिलिंग ६ पेन्सला ठेवा. सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास, मुंबईच्या कापूस बाजारातलं मोठं नाव, कमिशनचे सदस्य असूनही त्यांनी वेगळं मत लिहून दिलं: १ शिलिंग ४ पेन्सच हवा. दोन पेन्सांसाठी एवढा गोंधळ काऊन? हिशेब करा.

समजा लिव्हरपूलला १० पौंडांचा कापूस विकला. १ शिलिंग ४ पेन्स असेल तर पौंडाला १५ रुपये, म्हणजे शेतकऱ्याच्या बाजूला १५० रुपये. १ शिलिंग ६ पेन्स असेल तर १३३ रुपये ५ आणे ४ पै. कापूस तोच, भाव तोच, आणि १६ रुपये १० आणे ८ पै गायब. जमिनीचा सारा मात्र रुपयातच बांधलेला, तो एक पैही कमी झाला नाही. सावकाराचं देणंही रुपयात. उलट लँकेशायरचं कापड आपल्या बाजारात तेवढंच स्वस्त झालं, म्हणजे इथल्या गिरण्यांनाही मार. सरकारचं म्हणणं असं की भाव आणि मजुरी नव्या दराला कधीच जुळवून घेऊन बसलेत, आता मागं कशाला जायचं. मार्च १९२७ मध्ये कायदे मंडळात हा दर अगदी थोड्या मतांच्या फरकानं पास झाला.

या दोन पेन्सांचा राग किती खोल होता ते बघा. ३० जानेवारी १९३० च्या 'यंग इंडिया'त गांधीजींनी व्हाइसरॉयपुढं ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यात मिठावरचा कर रद्द करा ही आपल्याला शाळेत शिकवली जाते. पण त्याच यादीत दारूबंदीच्या पाठोपाठ होती रुपया १ शिलिंग ४ पेन्सवर आणा ही मागणी, आणि मग शेतसारा निम्मा करा. सेवाग्रामला वर्षभर सहली येतात, बापू कुटीसमोर फोटो काढतात. गांधीजींनी विनिमय दर मागितला होता हे तिथून परतणाऱ्या किती पोरांना माहीत असतं? (आमच्या मास्तरांनी आम्हाला सांगितलं नव्हतं. त्यांना सांगणारं कोणी नसेल.)

दर काही बदलला नाही. १९३१ मध्ये खुद्द इंग्लंडनं सोनं सोडलं, पौंड घसरला, तरी रुपया त्याच १ शिलिंग ६ पेन्सच्या दाव्यानं पौंडाला बांधून ठेवला. मंदीत कापसाचा भाव पडलेला, सारा आणि व्याज द्यायचं, म्हणून खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या अंगावरचं सोनं मोडलं गेलं आणि जहाजानं विलायतेला गेलं. तेच १३ रुपये ५ आणे ४ पै स्वातंत्र्यापर्यंत चालले.

इथं थांबून दुसरी बाजू सांगायलाच हवी, नाहीतर मी फक्त सहा एकरवाल्याची वकिली करतोय असं होईल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' १९२३ मध्ये लंडनला छापलं गेलं. हा सगळा चांदी-सोन्याचा झगडा त्यात उलगडलाय. त्यातला एक मुद्दा आपल्याला झोंबणारा आहे. रुपया स्वस्त झाला की निर्यात करणाऱ्याला फायदा होतो, पण तो देशाचा फायदा नव्हे, असं ते म्हणतात. वस्तूंचे भाव वाढतात तेवढी मजुरी वाढत नाही, म्हणजे देशातल्याच एका वर्गाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात पैसा जातो.

खोटं आहे का? माझ्या शेतात कापूस वेचायला ज्या बाया येतात त्यांच्या घरी एक एकर नाही. डॉलर वाढला की त्यांच्या घरचं तेल महागतं, कारण आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. तुरीची डाळसुद्धा आफ्रिकेतून आणि म्यानमारमधून येते. त्यांची मजुरी डॉलर बघून वाढत नाही. म्हणून "रुपया घसरू द्या, शेतकऱ्याचं भलं होईल" असं सरसकट बोलणारा माणूस मला पटत नाही. आणि शेतकरीही काही नुसता विकत नाही. पोटॅश पूर्ण बाहेरचं, डीएपी बरंचसं बाहेरचं, डिझेलचं तेल बाहेरचं. रुपया घसरला की आपला खर्च वाढतोच वाढतो. त्यासाठी कुठला अर्ज करावा लागत नाही, कुठलं ॲप लागत नाही.

प्रश्न एवढाच की खर्च जर आपोआप वाढतो, तर भाव आपोआप का वाढत नाही? भाऊचा प्रश्न तोच होता.

स्वातंत्र्यानंतरचं थोडक्यात सांगतो. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडासोबत रुपयाही पाडला, डॉलर ४ रुपये ७६ पैशांवर गेला. ६ जून १९६६ ला इंदिरा गांधींच्या सरकारनं एका रात्रीत ७ रुपये ५० पैसे केला. दुष्काळाचे दिवस, लोक रेशनवर अमेरिकेची मिलो खात होते. जुलै १९९१ मध्ये तीन दिवसांत दोनदा रुपया खाली आणला, २१ चा डॉलर २६ च्या घरात गेला, आणि जवळपास ४७ टन सोनं परदेशी बँकांकडं ठेवावं लागलं. मार्च १९९३ पासून दर बाजारावर सोडला. पण या बहुतेक काळात कापूसवाल्याला डॉलर कितीही झाला तरी घेणं-देणं नव्हतं. कच्च्या कापसाच्या निर्यातीवर कोटा असायचा, आणि १९७२ पासून आपल्या राज्यात एकाधिकार खरेदी होती. भाव मुंबईत ठरायचा. त्या योजनेचे फायदे होते, नाही म्हणत नाही, माझ्या बहिणीचं लग्न त्या चुकाऱ्यावर झालं. पण डॉलरचा पूल आपल्यासाठी बंदच होता.

पूल उघडला तो त्यानंतर. आणि उघडल्यापासून काय होतंय ते नीट बघा.

२०११ च्या ऑगस्टात डॉलर ४४-४५ रुपयांना होता, डिसेंबरात ५३ च्या वर. निर्यातीला बरे दिवस. ५ मार्च २०१२ ला कापूस निर्यातीवर बंदी आली. आरडाओरडा झाला, आठवडाभरात मागं घेतली, पण तेवढ्या दिवसांत बाजार हलायचा तो हलला.

२०२२ मध्ये कापसानं बारा हजाराचा टप्पा ओलांडला, रुपया घसरतच होता. एप्रिलमध्ये कापसाच्या आयातीवरचं ११ टक्के शुल्क शून्य केलं, ते ऑक्टोबरपर्यंत शून्यच राहिलं. बारा हजार बघायला मिळाले तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात कापूस उरलाच नव्हता, तो भाग वेगळा.

आणि २०२५. अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के कर बसवला, तिरुपूरचे कपडेवाले अडचणीत आले, म्हणून १९ ऑगस्ट २०२५ पासून आयात शुल्क पुन्हा शून्य. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलं. म्हणजे ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जेव्हा आपला कापूस बाजारात येतो, नेमके तेच महिने.

आता जिनिंगचा हिशेब मांडतो. वही घेऊन बसा. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, म्हणजे ७५ पौंड वजन. (हा वजनाचा पौंड, इंग्लंडच्या पैशाचा नाही.) न्यूयॉर्कचा भाव पौंडाला ६५ सेंट धरा, २०२५ मध्ये त्याच्याच आसपास खालीवर होत होता. झाले ४८ डॉलर ७५ सेंट. म्हणजे डॉलर एक रुपयानं वाढला की एका क्विंटल कापसामागं जवळपास ४९ रुपये वाढायला पाहिजेत. २०२५ च्या वर्षभरात डॉलर ८५ वरून ९० वर गेला. पाच रुपये. क्विंटलमागं २४० ते २५० रुपये.

हे अडीचशे रुपये कुणी नेले ते बघू. ११ टक्के शुल्क म्हणजे बाहेरची तेवढीच रुई इथं उतरवायला ४८.७५ डॉलरवर आणखी ५ डॉलर ३६ सेंट लागायचे. नव्वदच्या दरानं सुमारे ४८० रुपये. तेवढा आपल्या कापसाला आडोसा होता. तो काढून घेतला.

म्हणजे रुपयाच्या घसरणीनं एका हातानं अडीचशे दिले आणि शुल्कमाफीनं दुसऱ्या हातानं पावणेपाचशे नेले. आणि खताचा, डिझेलचा वाढलेला खर्च आपल्याच माथी. वाहतूक, प्रत, स्थानिक मागणी यानं हा हिशेब थोडा इकडंतिकडं होईल, मान्य. सरकीचा भाव वेगळा. पण दिशा बदलत नाही.

सोयाबीनवाल्यांनी हसू नये. ३० मे २०२५ ला कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क २० वरून १० टक्के केलं. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८, आणि बाजारात काय मिळालं ते तुमच्या काटापट्टीवर लिहिलेलंच आहे.

यावर दोन उत्तरं मिळतात. पहिलं, "हमीभाव आहे ना, सीसीआयला द्या." २०२५-२६ मध्ये लांब धाग्याचा ८,११०, मध्यम धाग्याचा ७,७१०, चांगला भाव होता. पण त्याला ॲपवर नोंदणी, स्लॉट आणि ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या आत पाहिजे. २०२५ च्या पावसानं कापूस ओला वेचला गेला. ज्याला दिवाळीच्या आधी वेचणीचे आणि उधारीचे पैसे द्यायचे होते तो थांबला नाही. मी पण नाही थांबलो. नऊ क्विंटल एका खाजगी जिनिंगवर ६,७०० नं टाकून आलो. आणि एक विचारा: हमीभाव आणि बाजारभावात हजार-चौदाशेचं अंतर पडलं होतं, ते भरायला सरकारी पैसाच लागतो. आधी शुल्क काढून बाजार पाडायचा, मग करदात्याच्या पैशानं थोडा कापूस उचलायचा. ही कुठली काटकसर?

दुसरं उत्तर गिरण्यांचं. "आमचे कामगार घरी बसतील." हे मी हसण्यावारी नेत नाही. हिंगणघाट-पुलगावच्या माणसाला गिरणी बंद पडणं म्हणजे काय ते कोणी शिकवायला नको. त्यांना मदत द्या. व्याजात सवलत द्या, निर्यातीवर प्रोत्साहन द्या, रोख द्या. पण अमेरिकेनं तिरुपूरवर लावलेला दंड समुद्रपूरच्या कोरडवाहूवाल्यानं का भरायचा? शिवाय डॉलर वाढल्यानं त्याच कापड निर्यातदाराला प्रत्येक डॉलरमागं पाच रुपये जास्त मिळतातच की. त्याचे पाच रुपये त्याच्याकडं राहिले. आमचे काढून घेतले.

१९२७ मध्ये दर बदलून जे केलं, ते आता दराला हात न लावता शुल्क बदलून होतंय. तेव्हा निदान कायदे मंडळात मतदान झालं, हरलो पण मोजून हरलो. आता रात्री अधिसूचना निघते आणि सकाळी बाजार पडलेला असतो.

म्हणून माझं ग्रुपवरच्या दोन्ही गटांना म्हणणं आहे. रुपया नव्वद झाला याची लाज वाटून घ्यायची की अभिमान, यावर तुम्ही खुशाल भांडा. पण शुल्कमाफीची मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत होती. तशी माफी पुन्हा देऊ नका, आणि ऑक्टोबर ते मार्च या आवकेच्या सहा महिन्यांत कापसाच्या शुल्काला हात लावायचा नाही असा नियम करा, ही दोन वाक्यं खासदारांच्या कार्यालयात, आमदारांच्या कार्यालयात आणि आपल्या बाजार समितीत लेखी गेली पाहिजेत. पक्ष कोणताही असो. मी अर्ज तयार केलाय. वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट, समुद्रपूर, ज्याला आपल्या तालुक्यातून द्यायचाय त्यानं इनबॉक्सला यावं, नमुना पाठवतो. हिशेबात चूक सापडली तर कमेंटमध्ये उघड सांगा, दुरुस्त करीन.

घरात अजून चार क्विंटल पडलाय. परवाचा स्लॉट मिळालाय. तीन दिवसांपासून अंगणात ऊन देतोय, ओलावा किती भरला ते संध्याकाळी इथंच लिहितो.